कार्डावर घातलेलं नाव

घाटनांदूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, केदारनाथ आप्पांचं अक्षर भेटतं. तांब्याच्या गळ्याखाली, ताटाच्या काठाला, पाण्याच्या पिंपावर. त्यांचा 'र' किंचित पुढं झुकलेला असतो आणि वेलांटी ऐटीत वर गेलेली. आमच्या गल्लीतल्या पोरी शाळेत जायच्या आधीच आपापल्या आईचं नाव वाचायला शिकल्या, त्या ताटाच्या काठावर बोट फिरवून.

आप्पांचं भांड्यांचं दुकान स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घरासमोर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पुढ्यात नाव घालायचं मशीन. मशीन म्हणजे पेनासारखं हातात धरायचं एक यंत्र, टोकाला बारीक सुई. चालू केलं की घर्रर्र आवाज. त्यांचे वडील छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून नावं घालायचे. आप्पांनी मशीन घेतलं तेव्हा वडील आठवडाभर बोलले नाहीत म्हणे. नंतर स्वतःच एक वाटी पुढं करून म्हणाले, "घाल बघू माझं नाव."

नाव घातल्याशिवाय आप्पा भांडं दुकानाबाहेर जाऊ देत नसत. कुणी म्हणालं, "आप्पा, गाडीची येळ झाली, नाव ऱ्हाऊ द्या," की ते शांतपणे भांडं परत फळीवर ठेवत. "मंग भांडं बी ऱ्हाऊ द्या."

कारण त्यांनी कपिलधारची यात्रा पाहिलेली होती. मांजरसुंब्याजवळच्या त्या यात्रेत अन्नदानासाठी गावागावांतून पातेली, पराती, बादल्या जातात. जेवणं उरकली की सगळी भांडी धुऊन एका ठिकाणी ढीग लागतो. मग बाया त्या ढिगाभोवती उभ्या राहून एकेक भांडं उचलतात, उन्हात तिरपं धरून नाव वाचतात, गाव वाचतात. "नाव हाय म्हून भांडं घरी येतंय," आप्पा सांगत. "बेनाव भांडं जिथं गेलं तिथलंच झालं." म्हणून ते नावाखाली गाव घालत. नाव बारीक झालं तरी चालेल, गाव सुटता कामा नये.

त्यांना एकच लेक, रुद्राणी. तिच्या जन्मापासून दर धनत्रयोदशीला आप्पा एक भांडं बाजूला काढत, त्यावर तिचं नाव घालत आणि माळ्यावर ठेवत. तिच्या लग्नात द्यायचा संसार असा माळ्यावर वाढत गेला. पहिली होती बाळाला दूध पाजायची चोचीची बोंडली. पुढं वाट्या आल्या, मग कळशी, मग पुरणयंत्र. लहान असताना रुद्राणी आणि मी माळ्यावर चढून त्या भांड्यांत स्वतःची तोंडं बघायचो. गोल कळशीत नाक एवढं मोठं व्हायचं, की हसून शिडीवरून पडायची वेळ यायची.

रुद्राणी अंबाजोगाईला बी. एस्सी. झाली आणि गावातल्या भारत नावाच्या तरुणाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. औषधाच्या दुकानावरची ती एक खोली. चार कॉम्प्युटर, एक पंखा, दारात चपलांचा ढीग. संध्याकाळी क्लास सुटला की ती मोटारींच्या शर्यतीचा गेम लावायची. मानेवरची वेणी पुढं घ्यायची, पाठ ताठ करायची, आणि पुढची पंधरा मिनिटं तिच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. वळणावर ती स्वतःही वाकायची. भारत म्हणायचा, "मॅडम, खुर्ची पडंल. गाडी पडद्यात हाय, तुमी भायेर हाव."

दोन हजार दोन साली तिला स्थळ आलं. मुलगा श्रीशैल, मूळ लातूरचा, पुण्याजवळ भोसरीला एका कारखान्यात कामाला. आई काही वर्षांपूर्वी गेलेली. पाहायला आले तेव्हा मोठ्यांनी दोघांना बोलायला आतल्या खोलीत पाठवलं. तो बराच वेळ कपातल्या चहाकडं बघत बसला. मग म्हणाला, "कॉम्प्युटर शिकवता म्हणे. गेम खेळता का?"

"गाड्यांचा," रुद्राणी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. चहा तसाच राहिला. सुंदरबाई, म्हणजे रुद्राणीची आई, अजून सांगतात की जावयानं पहिल्या दिवशी आमच्या घरचा चहा पिला न्हाई, त्यावरच त्या म्हटल्या होत्या, हे जमणार.

साखरपुडा झाल्यावर कधीकधी त्याचा फोन यायचा. त्याच्याकडं जोडून घेतलेला एक जुना कॉम्प्युटर होता. एकदा त्यानं सांगितलं, की त्या गेममध्ये एका पडद्याचे दोन भाग करता येतात, वरच्यात एकाची गाडी, खालच्यात दुसऱ्याची. दोघांना शेजारी बसून खेळता येतं. "पण माझा मॉनिटर चौदा इंची. त्याचा अर्धा म्हणजे काडेपेटी. आणि ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळं गाडी अडखळत चालते. आजवर चाललं. दुसरं माणूसच नव्हतं."

हे शेवटचं वाक्य रुद्राणीनं मला किती वेळा सांगितलं असेल. दरवेळी सुरुवात मॉनिटरपासून करायची, आणि येऊन थांबायची तिथंच.

मग एका सकाळी तिनं आप्पांना सांगितलं, "आप्पा, मला लग्नात मॉनिटर द्या. मोठा. आन् एक ग्राफिक्स कार्ड."

सुंदरबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला. "सासरी जाऊन गाड्या पळवणार व्हय गं? मंग भाकरी कोन थापील?"

"जो हारंल त्यो."

आप्पा हसले. मग हळूच म्हणाले, "आन् भांडी?"

श्रीशैलची भाड्याची एकच खोली होती, आणि ती त्याच्या आईच्या भांड्यांनी भरलेली. तो अजून ती रोज घासायचा. त्यांना बाजूला सारून आपली मांडायची हे रुद्राणीला नको होतं. "त्यांच्या आईची समदी भांडी हायेत, आप्पा. माझी इथंच ऱ्हाऊ द्या. मी आले की त्यातच जेवीन."

आप्पांनी मान हलवली. "बरोबर हाय तुझं." मग दुकानात येऊन बसले आणि आधीच लखलखीत असलेला एक डबा फडक्यानं पुसत राहिले. त्या दिवशी दुपारी आईसाठी झारा आणायला मी गेले, तेव्हा ते मला म्हणाले, "नेईना का मॉनिटर. माझं कायी न्हाई. पण लेक चालली, आन् माझ्या हातचं एक अक्षर तिच्यासंगं जाणार न्हाई. असं कुनाचं झालं न्हाई ह्या गावात. माझंच व्हायचं."

लग्नाला पंधरवडा असताना आम्ही लातूरला गेलो. आप्पा, रुद्राणी, आणि सोबतीला मी. दुकानदार तरुण होता, बोलका. त्यानं टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले. एक फुगीर काचेचा, एक सपाट काचेचा. दोन्ही सतरा इंची. रुद्राणी एकेकाच्या पुढं बसली. पांढरा पडदा लावून कोपऱ्यात रंग फुटतो का ते पाहिलं, सरळ रेघा काढून त्या कडेला वाकतात का ते पाहिलं. मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पडदा लुकलुकतो का म्हणून. पडदा सेकंदाला किती वेळा उजळतो तो आकडा तिनं वाढवायला सांगितला, तसा लुकलुकाट थांबला.

आप्पा मॉनिटरच्या मागं गेले. बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर टकटक केली. कान लावला.

"काका, वाजवून काही कळत नाही ह्यात," दुकानदार म्हणाला.

"कळत न्हाई, ते कळलं," आप्पा म्हणाले. "पलाष्टिक हाय. वजन किती?"

"पंधरासोळा किलो."

"जड हाय. मंग बरं असंल."

रुद्राणीनं माझ्याकडं पाहिलं आणि ओठ चावला. आप्पा आता पुढं आले. दुकानदारानं दोन्ही मॉनिटर बंद केले होते. काळ्या काचेत आप्पांना स्वतःचं तोंड दिसलं. फुगीर काचेत ते कानापर्यंत पसरलेलं, सपाट काचेत जसंच्या तसं. त्यांनी भस्म नीट केलं आणि सपाट मॉनिटरवर हात ठेवला.

"ह्यो घे. ह्याच्यात तोंड सरळ दिसतंय."

रुद्राणी हसून म्हणाली, "मी बी ह्योच धरलाय मनात. रेघा सरळ येतात म्हून."

"मंग एकच झालं की," आप्पा म्हणाले.

कार्ड निवडणं अवघड गेलं. दुकानदारानं दोन काढली. तळहाताएवढ्या हिरव्या पट्ट्या, एका कडेला सोनेरी दात, आणि एका टोकाला मॉनिटरची वायर खोचायचं तोंड असलेली चकचकीत पट्टी. एकावर छोटासा पंखा. ते चौसष्ट एमबीचं. दुसरं बत्तीसचं, बिनपंख्याचं. आप्पा म्हणाले, "चौसष्टचं घे. दुप्पट हाय."

"आकड्यावर जाऊ नका, काका," दुकानदार म्हणाला. "चौसष्टचं कोठार मोठं आहे, पण त्याचा रस्ता अरुंद. बत्तीसचं कोठार लहान, पण रस्ता दुप्पट रुंद. गेममध्ये माल धडाधड बाहेर यावा लागतो."

आप्पांना हे चटकन पटलं. घाटनांदूरच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी काय पाहिलं नव्हतं! "म्हंजी गोदाम केवढं का असंना, गल्लीत बैलगाडी अडकली की संपलं."

"तेच."

रुद्राणीनं दोन्ही कार्डं आळीपाळीनं लावून तोच गेम चालवून पाहिला. चौसष्टवर गाड्यांचा घोळका आला की चित्र अडखळायचं. बत्तीसवर नाही. वळणावर ती वाकली, दुकानदार तिच्याकडं बघत राहिला, आणि आप्पा दुकानदाराला म्हणाले, "आमची लेक हाय. अशीच वाकती."

येताना एसटीत मॉनिटरचं खोकं त्यांनी मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही हाय का, आप्पा? लगेजचं तिकीट लागंल."

"टीव्ही कावून असंल? लेकीचा संसार हाय."

कंडक्टरनं खोक्याकडं पाहिलं, रुद्राणीकडं पाहिलं, आणि तिकीट न फाडता पुढं गेला. बत्तीसच्या कार्डाची छोटी पेटी रुद्राणीच्या पिशवीत होती. घरी आल्यावर तीही खोक्याशेजारी, देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली गेली.

लग्नाला सहा दिवस उरले असताना, सगळं नीट चालतं ना ते एकदा पाहून बांधाबांध करावी म्हणून मॉनिटर आणि कार्ड भारतच्या क्लासवर न्यायचं ठरलं. आप्पाही निघाले. दुकानाचं शटर त्यांनी भर दुपारी ओढलं, तेव्हा मला नवल वाटलं. स्वच्छ टोपी घातलेली. जिन्यावर सगळ्यांत पुढं. वर गेल्यावर खुर्ची न घेता भिंतीशी उभे राहिले आणि रुद्राणीच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. कॉम्प्युटरकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

मॉनिटर आधी भारतच्या मशीनला तसाच लावला. छान चालला. मग भारतनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, पेटीतून कार्ड काढून खाचेत बसवलं, वायर जोडली, बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा केलं. पुन्हा काळा.

"लातूरला तर चाललं होतं," रुद्राणी म्हणाली.

भारतनं कार्ड काढलं, फुंकर मारली, उलटं केलं. आणि तसाच थांबला. त्यानं ते खिडकीजवळ नेऊन उन्हात तिरपं धरलं. कपिलधारला बाया भांडं धरतात तसं.

कार्डाच्या हिरव्या पाठीवर, सुंदर, रेखीव, झुकलेल्या 'र'च्या अक्षरात:

चि. सौ. कां. रुद्राणी
घाटनांदूर

"दिसलं का?" आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज उत्सुक होता. "पुढनं गर्दी हाय लई, काळे काळे डबे. माघारी जागा मोकळी होती. तिथं घातलं."

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वर ऐकू येत होतं.

भारतनं खुर्ची पुढं ओढली. "आप्पा, बसा." तो स्वतः खाली टेकला आणि कार्ड त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. "ह्या हिरव्यात बारीक बारीक रेघा दिसतात का? केसावानी? हे तांब्याचे रस्ते हायेत. समदा माल ह्याच्यावरनंच जातो. ते मोकळं न्हाई, आप्पा. ते भरलेलं हाय."

आप्पांनी चष्मा पुसला. पाहिलं. त्यांची सुई जिथून जिथून गेली होती तिथं केसासारखे रस्ते तुटलेले होते. 'रुद्राणी'च्या काना-वेलांटीनं निम्मे, गावानं उरलेले.

"विचारायचं तरी, आप्पा!" रुद्राणीचा आवाज चिरकला. "समदं काय भांडंच असतंय का?"

आणि ती जिना उतरून गेली.

आप्पा बसून राहिले. भारतनं बारीक तार घेऊन दोनतीन रस्ते जोडून पाहिले, पण ते फार होते आणि फार बारीक. शेवटी तो म्हणाला, "लातूरला फोन लावू का? बदलून देतेत का बघू."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "नाव घातलेलं परत कोन घेतंय? मीच घेत न्हाई." त्यांच्याच दुकानात, गल्ल्याच्या वर, त्यांच्याच अक्षरात पाटी होती: नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी नावं घालणं थांबवलं. ऐन लग्नसराई होती. बस्त्यासोबत भांडी घ्यायला गावोगावचे लोक येत होते. आप्पा भांडी दाखवत, वजन करत, बांधून देत. नावाचं विचारलं की म्हणत, "मशीन बंद हाय. अंबाजोगाईला घालून घ्या." मशीन बंद नव्हतं. ते जुन्या उपरण्यात गुंडाळून फळीच्या मागं ठेवलेलं मला समोरून दिसायचं. आईनं माझ्या चुलत बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली परात नावावाचून तशीच दुकानात पडून राहिली. "दुसरीकडचं अक्षर नको," आई म्हणाली. "आप्पांचा हात मोकळा होईल तवा."

समोरचा तो घर्रर्र आवाज नसल्यानं गल्लीला दुपार वेगळीच वाटायला लागली.

रुद्राणीचं डोकं कार्ड बिघडलं त्याच संध्याकाळी शांत झालं होतं, पण आप्पांपुढं जायचं तिला जमत नव्हतं. श्रीशैलला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कार्ड इथं मिळेल तसलंच. पगार झाला की आणतो. त्याचं काही नाही. आप्पा कसे आहेत?" ती म्हणाली, "नावं घालत न्हाईत." "मग ते आधी बघ," तो म्हणाला.

दोन दिवसांनी ती भारतकडं गेली. मीही होते. ते मेलेलं कार्ड टेबलावर पडलेलं. तिनं ते उचललं आणि उगाच चाळवत बसली. टोकाची चकचकीत पट्टी तिच्या बोटाला लागली. ही पट्टी कार्डाला धरून ठेवते आणि कॉम्प्युटरच्या मागच्या फटीतून बाहेर दिसते. तिनं नखानं ती वाजवली.

"भारत, ही पट्टी निघती का?"

"दोन स्क्रू हायेत. कावून?"

"तसल्याच दुसऱ्या कार्डाला बसती?"

"त्याच कंपनीचं, तेच कार्ड असलं तर बसणारच की."

ती पट्टी मुठीत घेऊन रुद्राणी दुकानात गेली. आप्पा हिशोब करत नव्हते, पेपर वाचत नव्हते, नुसते बसले होते. तिनं ती पट्टी त्यांच्यापुढं लाकडी पाटावर ठेवली. बोटाएवढी लांब, बोटाहून थोडी अरुंद.

"आप्पा, ह्याच्यावर नाव घालून द्या."

त्यांनी हात मागं घेतला. "न्हाई, माय. माझ्या हातानं आता कायी बिघडायला नको."

"वाजवून तर बघा."

"काय वाजवायचं? लातूरला बी वाजवलंच होतं की."

"ह्ये वाजवा."

त्यांनी नाइलाजानं पट्टी उचलली आणि नखानं टिचकी मारली. बारीकसा, स्वच्छ आवाज आला. आप्पांचे डोळे हलले. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग पट्टी तळहातावर तोलली.

"लोखंडी पत्रा हाय."

"व्हय."

"ह्याच्यात रस्ते न्हाईत ना?"

"न्हाईत, आप्पा."

"नीट बघ. चष्मा न्हाई तुला, तू बघ."

तिनं पट्टी उन्हात धरली, उलटसुलट केली. "न्हाईत. ह्यो नुसता दरवाजा हाय. ह्याच्यातनं कायी जात न्हाई. त्या दुसऱ्या कार्डाला हाच दरवाजा लावणार आमी."

"आन् नाव कुठं दिसंल?"

"माघारी. भिंतीकडं."

"म्हंजी कुनाला दिसायचं न्हाई."

"झाडताना दिसंल," रुद्राणी म्हणाली. "रोज न्हाई. पण दिसंल."

आप्पा उठले, फळीच्या मागून उपरणं काढलं, उलगडलं. मशीनची सुई बोटाला लावून पाहिली. पट्टी पाटावर ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्यानं घट्ट दाबली. मग थांबले.

"जागा लई कमी हाय. नाव घालावं का गाव?"

सुंदरबाई घरातून दुकानात आल्या होत्या, दारात उभ्या. त्या म्हणाल्या, "गाव कोनतं घालता आता? ती तर पुण्याची झाली."

घर्रर्र सुरू झालं. समोरच्या ओट्यावर आई निवडत बसली होती, तिनं मान वर केली. आवाज चालू राहिला, थांबला, पुन्हा चालू झाला. शेवटी आप्पांनी पट्टीवर फुंकर मारली आणि रुद्राणीच्या हातात दिली. मुंगीएवढ्या अक्षरांत एका खाली एक दोन्ही होतं. वर रुद्राणी. खाली घाटनांदूर.

"पुणं का न्हाई घातलं?" सुंदरबाईंनी विचारलं.

"पुण्यात हरवलं तर पुण्यातच सापडंल," आप्पा म्हणाले. "घरी यायचं असंल तर गाव लागतंय."

रुद्राणीनं मूठ मिटली. "आप्पा, मी त्या दिशी लई बोलले."

"बरोबरच बोललीस. समदं भांडं नसतंय." ते मशीन पुन्हा उपरण्यात गुंडाळायला लागले.

"आता कावून गुंडाळता?"

"तुझं तिकडं बसू दे. चालू दे. मंग बघू."

लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. जाताना रुद्राणीनं माळ्यावरची बोंडली तेवढी मागून घेतली. एवढीशी तर आहे, म्हणाली, जागा होईल. सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. मॉनिटरचं खोकं गाडीत मधल्या सीटवर होतं आणि ती पट्टी रुद्राणीच्या पर्समध्ये, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी.

त्यानंतर आप्पा रोज संध्याकाळी फोनजवळ बसत. फोन यायचा. "पोचलात का, जेवलात का" व्हायचं. ते पुढचं विचारत नसत. कार्ड आलं नसेल, तर जावयाला लाजवल्यासारखं होईल म्हणून. आईची परात तशीच होती. मी एकदा विचारलं, तर आप्पा म्हणाले, "पट्टी जरा वाकली असंल तर? मी अंगठ्यानं लई दाबलती."

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसून सुंदरबाईंना वाती वळू लागत होते. फोन वाजला. आप्पांनी उचलला.

"आप्पा, ऐका," रुद्राणीचा आवाज मलाही बाहेर ऐकू येत होता, एवढी ती ओरडत होती. तिनं तिकडं रिसीव्हर स्पीकरला लावला असावा. तारेतून एक आवाज आला. घर्रर्र. थांबला, चढला, पुन्हा घर्रर्र.

आप्पांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा कानाला लावला. "आगं, हे तर माझं मशीन हाय!"

"गाड्या हायेत, आप्पा! दोन! एक माझी, एक त्यांची."

"पट्टी बसली?"

"दोन स्क्रूत बसली. अगदी चपखल."

"बारके रस्ते बिस्ते?"

"समदे चालू हायेत."

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "कोन जिंकलं?"

"मी."

"मंग भाकरी?"

मागून श्रीशैलचा आवाज आला, "थापतोय, आप्पा! पण गोल होत नाहीत!"

सुंदरबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आप्पांनी रिसीव्हर त्यांच्याकडं दिला आणि दुकानात गेले. मी वाती ठेवून ओट्याच्या कडेला आले. त्यांनी फळीच्या मागून उपरणं काढून मशीन पाटावर ठेवलं, ते उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि रस्त्यापलीकडं आमच्या ओट्याकडं बघून आईला हाक मारली.

"ओ वहिनी, या. तुमची परात काढलीय." परात मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या काठावरून बोट फिरवलं. "पोरीचं नाव काय घालायचं? आन् गाव सांगा आधी."